बारा संघांचं पाणी प्यायलेला खेळाडू चांगला कोच का होतो, आणि कुठे अडतो

प्रश्न दोन भागांत आहे. पहिला असा की, एनबीएमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ज्यांनी खेळाडू म्हणून बहुतेक काळ बेंचवर काढला आणि वर्षा-दोन वर्षांनी संघ बदलला, असे जर्नीमन खेळाडू पुढे हेड कोच म्हणून एवढे का दिसतात? दुसरा असा की, खेळणं थांबल्यापासून हेड कोच होईपर्यंतचा रस्ता नेमका कसा असतो?

पहिल्या भागाचं ठरलेलं उत्तर म्हणजे "त्यांनी खूप कष्ट केलेले असतात". हे मला पटत नाही. त्या पातळीवर कष्ट सगळेच करतात. खरं कारण त्यांच्या कामाच्या स्वरूपात आहे. स्टार खेळाडूभोवती संघ आखला जातो. जर्नीमनला मात्र दुसऱ्याने आखलेल्या संघात चार दिवसांत बसावं लागतं. तेही दर वर्षी, नव्या शहरात, नव्या कोचच्या हाताखाली. त्यामुळे कोचिंगचं अर्धं काम तो खेळत असतानाच करत असतो. पण याच सवयीतून काही दोषही येतात, आणि ते हेड कोच झाल्यावर महागात पडतात. त्यावर फार कमी बोललं जातं, म्हणून इथे थोडं जास्त लिहितो.

आधी ही भटकंती कशामुळे होते ते पाहू, कारण ती करारांच्या नियमांतूनच येते. एनबीए संघात पक्के करार १५ असतात. त्यातल्या शेवटच्या तीन-चार जागांवरचे करार बऱ्याचदा हमी नसलेले असतात. हे करार १० जानेवारीला उरलेल्या हंगामासाठी पक्के होतात. एखाद्याला सोडायचं असेल तर तो ४८ तास वेव्हर्सवर राहतो (तेवढ्या वेळात दुसरा संघ त्याचा करार उचलू शकतो), म्हणून संघाला निर्णय ७ जानेवारीपर्यंत घ्यावा लागतो. दरवर्षी त्या आठवड्यात काही जणांच्या हातात बॅगा येतात. त्याच सुमारास, ५ जानेवारीपासून, दहा दिवसांचे करार सुरू होतात. असा करार दहा दिवस किंवा तीन सामने, यातलं जे लांब असेल तेवढा चालतो. एकाच संघाकडून एका हंगामात असे दोनच करार मिळतात. त्यानंतर संघाने हंगामाच्या शेवटापर्यंत घ्यायचं, नाहीतर सोडायचं.

अनुभवी खेळाडूला तरीही काम मिळत राहतं, याला एक आर्थिक कारण आहे. किमान वेतन अनुभवाच्या वर्षांनुसार वाढत जातं. पण एका वर्षाच्या किमान वेतनाच्या करारावर संघाला दोन वर्षं अनुभवाच्या खेळाडूएवढीच रक्कम भरावी लागते, वरचा फरक लीग देते. म्हणजे दहा वर्षं खेळलेला बॅकअप गार्ड संघाला दोन वर्षं खेळलेल्याच्याच भावात पडतो. २०१७-१८ पासून आलेल्या टू-वे करारांनी (एनबीए आणि तिची दुय्यम जी-लीग यांच्यात ये-जा करणाऱ्या खेळाडूंसाठीचे करार) मात्र त्याची वाट थोडी अरुंद केली. चार किंवा जास्त वर्षं अनुभव असलेल्याला तो करार मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून प्रत्येक संघाकडे अशा तीन जागा आहेत. दुखापत झाली की पूर्वी जिथे एखाद्या जुन्याजाणत्याला फोन जायचा, तिथे आता टू-वेवरचा तरुण पोरगा उभा राहतो.

आता त्या दहा दिवसांच्या करारात काय होतं ते जवळून पाहा. पहिल्या दिवशी मेडिकल आणि सही होते, हातात प्लेबुक असलेला टॅबलेट येतो. त्यात पन्नासेक सेट, म्हणजे आक्रमणाचे ठरवलेले डाव, सहज असतात. शहाणा खेळाडू सगळे पाठ करायला बसत नाही. तो असिस्टंट कोचला गाठून विचारतो की शेवटच्या पाच मिनिटांत कोणते सेट वापरता, टाइमआऊटनंतर काय वापरता, आणि बेसलाइन व साइडलाइनच्या बाहेरून चेंडू आत टाकताना (इनबाउंड) काय असतं. यातून दहा-बारा सेट हाती लागतात. ते तो एकाच जागेवरून शिकत नाही, कारण पॉइंट गार्ड म्हणून घेतलेल्याला उद्या कोपऱ्यात उभं करतील. प्रत्येक सेटमधल्या पाचही जणांच्या हालचाली त्याला माहीत लागतात.

डिफेन्सची भाषा हा दुसरा पेच. बाजूला होणाऱ्या पिक अँड रोलमध्ये (साथीदार बचावपटूच्या वाटेत उभा राहून त्याला अडवतो आणि मग स्वतः रिंगकडे वळतो) बॉल हँडलरला मध्ये येऊ न देता बेसलाइनकडे ढकलणं याला एक संघ "आईस" म्हणतो, दुसरा "ब्लू", तिसरा "डाऊन". बिग मॅन (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) मागे राहतो ते ड्रॉप, वर येऊन रोखतो ते हेज, दोघांनी मिळून चेंडूवर जायचं ते ब्लिट्झ. हाक चुकीची ऐकली की अर्ध्या सेकंदात समोरच्याला मोकळा लेअप मिळतो, आणि व्हिडिओत चूक कोणाची ते स्पष्ट दिसतं. म्हणून टिकणारा जर्नीमन पहिल्या दोन दिवसांत जुन्या हाका पुसून नव्या बसवतो. असं आठ-दहा संघांत केलेल्या माणसाला हळूहळू कळतं की नावं वेगळी असली तरी कल्पना मोजक्याच आहेत. कोणता कोच कोणती कल्पना कशासाठी निवडतो हेही कळतं. मला वाटतं कोचिंगचं खरं शिक्षण हेच.

या दहा दिवसांतली नेहमीची चूक म्हणजे स्वतःला सिद्ध करायला शॉट मारत सुटणं. संघाने त्याला गुणांसाठी घेतलेलं नसतं. चार मिनिटं मिळाली तर चेंडू न गमावणं, डिफेन्समध्ये मोकळी पडलेली जागा भरायला वेळेवर पोचणं आणि मोठ्याने बोलणं, एवढंच कोच बघतो.

या सगळ्याचं सर्वांत पूर्ण उदाहरण मला स्कॉट ब्रुक्सचं वाटतं. उंची ५ फूट ११ इंच. युसी अर्व्हाइनमधून १९८७ साली बाहेर पडला, ड्राफ्टमध्ये (एनबीए संघांकडून होणारी नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) कुणीच घेतलं नाही. १९८७-८८ चा हंगाम त्याने सीबीए या दुय्यम लीगमध्ये बिल मसलमनच्या ऑल्बनी पॅट्रून्सकडून काढला. त्या संघाने ४८ सामने जिंकले, फक्त ६ हरले आणि विजेतेपद मिळवलं. सीबीएच्या गुणतक्त्याची पद्धत वेगळी होती. सामना जिंकला की ३ गुण आणि जिंकलेल्या प्रत्येक क्वार्टरला १ गुण, म्हणजे एका सामन्यात एकूण ७ गुण पणाला. वीस गुणांनी मागे असलात तरी चौथा क्वार्टर जिंकण्यात अर्थ होता, त्यामुळे बेंचवरच्यांना निकाल लागलेल्या सामन्यातही खरीखुरी मिनिटं मिळत. पुढे एनबीएचा नामांकित कोच झालेल्या फिल जॅक्सननेही कोच म्हणून पहिलं विजेतेपद याच ऑल्बनीत १९८४ साली मिळवलं होतं.

तिथून ब्रुक्स १९८८ मध्ये फिलाडेल्फियाला गेला, मग मिनेसोटा (तिथे पुन्हा मसलमन), ह्यूस्टन, डॅलस, न्यूयॉर्क, क्लीव्हलँड. दहा हंगाम, सरासरी ५ गुणांच्या आतच. १९९४ साली ह्यूस्टनने विजेतेपद मिळवलं तेव्हा तो त्या संघात होता, पण त्याच हंगामात सॅम कॅसल नावाचा नवा गार्ड आला होता आणि ब्रुक्सची मिनिटं हळूहळू त्याच्याकडे गेली. फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रुक्सला डॅलसला धाडलं, आणि त्या वर्षी ह्यूस्टन पुन्हा जिंकला. आपली जागा घेणाऱ्या पोराशी सरावात रोज मनापासून खेळायचं, त्याला तयार करायचं, हे या पेशात सर्वांत अवघड काम आहे. जे खेळाडू ते नीट करतात त्यांची नावं जनरल मॅनेजर लक्षात ठेवतात. पंधरा वर्षांनी नोकरीसाठी फोन येतो तो या आठवणीवर.

आता रस्त्याकडे वळतो. ब्रुक्सने २००० नंतर नव्याने सुरू झालेल्या एबीए या छोट्या लीगमध्ये लॉस अँजेलिस स्टार्सकडून खेळाडू आणि असिस्टंट अशी दुहेरी भूमिका केली, पुढे सदर्न कॅलिफोर्निया सर्फचा हेड कोच झाला. मग डेन्व्हर, सॅक्रामेंटो आणि सिएटल इथे असिस्टंट म्हणून पाचेक वर्षं. डार्विन हॅमची वाट अशीच लांबची. १९९६ मध्ये ड्राफ्टमध्ये निवड झाली नाही. नंतर डेन्व्हर, इंडियाना, वॉशिंग्टन, मिलवॉकी, अटलांटा, डेट्रॉइट (२००४ चं विजेतेपद), मध्ये स्पेन, शेवटी फिलिपिन्स आणि डी-लीग (आजची जी-लीग). ज्या आल्बकर्कीच्या संघाकडून तो खेळला त्याच संघात २००८ मध्ये असिस्टंट आणि २०१०-११ मध्ये हेड कोच झाला. त्यानंतर लेकर्स, हॉक्स आणि बक्स मिळून अकरा वर्षं असिस्टंट, आणि २०२२ मध्ये लेकर्सचा हेड कोच.

या असिस्टंटपणाच्या वर्षांत काम काय असतं, हे बाहेरून कळत नाही. त्याचा कणा म्हणजे स्काउट, म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास. हंगामाचे ८२ सामने तीन-चार असिस्टंटमध्ये वाटलेले असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वीस ते सत्तावीस. आपल्या वाट्याच्या प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे चार-पाच सामने पूर्ण बघायचे. सिनर्जी या व्हिडिओ-सेवेवरून क्लिप काढायच्या, स्पोर्ट्सकोड या सॉफ्टवेअरमध्ये कापून लावायच्या. सर्वांत जास्त वापरलेले आठ-दहा सेट, टाइमआऊटनंतरचे खास डाव, आणि प्रत्येक खेळाडूबद्दल एक ओळ लिहायची: उजवीकडून जातो की डावीकडून, बाहेरून मारतो का, त्याच्यावर जोरात धावून जायचं की हात वर करून थांबायचं. सामन्याच्या सकाळच्या शूटअराउंडमध्ये (हलक्या सरावात) त्यातले चार-पाच सेट चालत चालत करून दाखवायचे. संध्याकाळी बोर्डवर तीनच मुद्दे.

नुकताच निवृत्त झालेला खेळाडू इथे हमखास एक चूक करतो. तो पंचवीस मिनिटांची फिल्म बनवतो, कारण त्याला त्यातलं सगळंच महत्त्वाचं दिसतं. खेळाडू आठ-दहा मिनिटांपलीकडे बघत नाहीत. नंतर डोळे पडद्यावर असतात, लक्ष नसतं. कापायला शिकणं हाच स्काउटचा मुख्य भाग. याच ठिकाणी तो व्हिडिओ रूममधून वर आलेल्यांपेक्षा मागे असतो. पुढे मायामीचा हेड कोच झालेल्या एरिक स्पोल्स्ट्राने १९९५ पासून मायामीच्या व्हिडिओ रूममध्ये सुरुवात केली, त्या लोकांचा हात सॉफ्टवेअरवर बसलेला असतो. माजी खेळाडूला सॉफ्टवेअर शिकायला लाज वाटते आणि तो ते काम इंटर्नकडे ढकलतो. असं केलं की दोन वर्षांत तो फक्त खेळाडूंबरोबर शूटिंग करणारा माणूस उरतो, आणि पुढच्या बाकावर, हेड कोचशेजारी, त्याची बदली होत नाही.

शूटिंग करून घेणं हेही काम मोठं आहे, पण त्यातही एक खड्डा आहे. माजी खेळाडू स्वतः करून दाखवतो. त्याला ते जमतं, समोरच्याला जमत नाही, आणि का जमत नाही हे सांगण्यासाठी शब्द नसतात. पाय कुठे, खांदा कधी वळवायचा, नजर कुठे, हे तोंडाने सांगता येईपर्यंत तो शिक्षक झालेला नसतो.

हेड कोच झाल्यावर जर्नीमनची सर्वांत मोठी ताकद दिसते ती मिनिटं वाटण्यात. एनबीए सामन्यात ४८ मिनिटं, पाच जागा, म्हणजे २४० मिनिटं. समजा पहिल्या पाचांना ३६, ३६, ३२, ३० आणि २८ दिली. झाली १६२. उरली ७८. ती सहाव्याला २६, सातव्याला २०, आठव्याला १८ आणि नवव्याला १४ अशी गेली की संपलं. दहाव्यासाठी काही उरत नाही. आता दोन स्टार आहेत आणि दोघांपैकी एक तरी सतत मैदानावर हवा. पहिला पूर्ण पहिला क्वार्टर खेळतो आणि दुसऱ्याची पहिली ६ मिनिटं बसतो. दुसरा पहिल्या क्वार्टरची ७ मिनिटं खेळून बसतो, दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला परत येऊन ६ मिनिटं काढतो, पहिला आला की मिनिटभर श्वास घेतो आणि शेवटची ५ पुन्हा खेळतो. दोघांचीही हाफमध्ये १८ होतात. प्रत्येक क्वार्टरमध्ये ७ मिनिटांखाली आणि ३ मिनिटांखाली गेल्यावर सक्तीचे टाइमआऊट येतात. बदल त्यांच्याजवळ बसवले की विश्रांती घड्याळावर दिसते त्याहून लांब मिळते.

हा हिशोब कुणीही मांडेल. बेंचवर बसलेल्याला त्यातली एक गोष्ट अंगाने माहीत असते: आठव्या खेळाडूला आपण कधी जाणार हे ठाऊक असेल तरच तो तयार असतो. तासभर बसून गुडघे गार झालेल्या माणसाला अचानक चार मिनिटं दिली तर तो पहिला शॉट चुकवतो, दुसऱ्या वेळी घाबरतो, तिसऱ्या वेळी तुमच्यावरचा विश्वास गमावतो. रोज त्याच मिनिटाला उठवलं तर तो आधीपासून सायकलवर पाय मारून, घोट्याला टेप लावून बसतो. ब्रुक्सच्या संघात प्रत्येकाची जागा आणि वेळ ठरलेली असायची. जेम्स हार्डनसारखा खेळाडू बेंचवरून येई, थाबो सेफोलोशा सुरुवात करे, आणि हार्डन २०१२ साली सर्वोत्तम सहावा खेळाडू ठरला.

नोव्हेंबर २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटी १ विजय आणि १२ पराभवांवर असताना ब्रुक्सच्या हाती संघ आला. त्याने सुरुवातीला दोनच मोठे बदल केले. केविन ड्युरंटला शूटिंग गार्डच्या जागेवरून काढून स्मॉल फॉरवर्डवर नेलं आणि रसेल वेस्टब्रुकला पहिल्या पाचांत आणलं. त्या वर्षी २३ विजय, पुढच्या वर्षी ५०, आणि ब्रुक्स २०१० चा सर्वोत्तम कोच. त्या ५० विजयांच्या संघात केविन ओली नावाचा ३७ वर्षांचा गार्ड होता, तेरा हंगाम खेळलेला, सिएटल आणि तिथूनच हललेला ओक्लाहोमाचा संघ एकच धरला तरी अकरा संघ फिरलेला. तो फार खेळला नाही, पण सरावाला आधी येणं, व्हिडिओ बघणं, बेंचवरून बोलत राहणं हे त्या कोवळ्या पोरांनी त्याच्याकडून उचललं, आणि ड्युरंटने नंतर जाहीरपणे त्याला त्याचं श्रेय दिलं. ओली त्याच वर्षी कनेटिकट विद्यापीठात असिस्टंट झाला, २०१२ मध्ये जिम कॅल्हूननंतर हेड कोच झाला, आणि २०१४ मध्ये सातव्या मानांकनाच्या संघाने केंटकीला ६०-५४ हरवून राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं.

आता दोषांबद्दल. जर्नीमन टिकतो तो चूक न करून. दहा वर्षं तो कोचचा विश्वास मिळवण्यासाठी झगडतो, म्हणून स्वतः कोच झाल्यावर एकदा दिलेला विश्वास काढून घेणं त्याला अन्याय वाटतो. साध्या हंगामात हा गुण असतो. सात सामन्यांच्या मालिकेत, जिथे समोरचा कोच दर दोन दिवसांनी तुमची एक कमजोरी शोधून तिच्यावर बोट ठेवतो, तिथे तोच गुण अंगावर येतो. २०१२ च्या फायनलमध्ये मायामीने ख्रिस बॉशला सेंटरला आणि शेन बॅटियरला फॉरवर्डला खेळवून मैदान मोकळं केलं. ओक्लाहोमाचा सेंटर केंड्रिक पर्किन्स जड आणि हळू होता, बॉशच्या मागे बाहेर जाणं त्याला जमत नव्हतं. दुसऱ्या सामन्यात ओक्लाहोमा सुरुवातीलाच १८-२ मागे पडला आणि ४ गुणांनी हरला. तरीही पाचही सामन्यांत पर्किन्सच पहिल्या पाचांत होता, आणि मालिका ४-१ गेली. पर्किन्सने वर्षभर संघासाठी इमानाने पिक लावले होते, डिफेन्स सांभाळला होता, आणि अशा माणसाला फायनलमध्ये बसवणं ब्रुक्सच्या घडणीतच नव्हतं, असं माझं मत आहे. ३३८ विजय आणि २०७ पराभव अशी कामगिरी असूनही एप्रिल २०१५ मध्ये त्याला काढलं, त्यामागे हा आणि शेवटच्या मिनिटांत ड्युरंट-वेस्टब्रुकच्या एकट्याच्या खेळावर विसंबण्याचा आरोप होता. त्या दोघांच्या दुखापतींनी किती नुकसान केलं याची भर मी त्यात घालेन.

हॅमच्या बाबतीत तक्रार उलटी झाली. लेकर्समध्ये पहिल्या वर्षी २-१० अशा सुरुवातीनंतर त्याने संघ कॉन्फरन्स फायनलपर्यंत नेला, पण दुसऱ्या वर्षी पहिले पाच आणि बदली खेळाडूंचा क्रम वारंवार बदलल्याने खेळाडूंना आपली भूमिका कळेना. ४७ विजय मिळवूनही पहिल्या फेरीत डेन्व्हरकडून ४-१ हार झाली आणि मे २०२४ मध्ये त्याला काढलं. त्यात दुखापतींचाही हात होता हे खरं. तरी बेंचवरच्या माणसाला वेळ कळण्याचं जे वर लिहिलं, ते जर्नीमनच विसरला तर त्याचं मुख्य भांडवल संपतं.

या दोघांच्या मध्ये इमे उडोका उभा आहे. त्याचाही रस्ता खडतर. २००० मध्ये ड्राफ्ट नाही, मग दुय्यम लीग, स्पेन, फ्रान्स, २००४ मध्ये लेकर्सकडे मोजके सामने. २००६ मध्ये हमी नसलेल्या करारावर पोर्टलंडच्या सराव शिबिरात आला आणि त्या हंगामात ७५ सामन्यांत पहिल्या पाचांत खेळला. नंतर सॅन अँटोनियो. तिथल्या हेड कोच ग्रेग पॉपोविचच्या हाताखाली तो २०१२ ते २०१९ असिस्टंट होता. २०२१ मध्ये बोस्टनला आल्यावर जानेवारीत संघ १८-२१ वर अडकला होता. त्याने आपल्याच स्टार खेळाडूंना चेंडू अडवून ठेवण्याबद्दल उघडपणे सुनावलं, पाचही जणांनी स्विच करायचा, म्हणजे आपापल्या प्रतिस्पर्ध्यांची अदलाबदल करायचा, डिफेन्स पक्का केला आणि रॉबर्ट विल्यम्सला सेंटरऐवजी कोपऱ्यातल्या कमजोर शूटरवर ठेवलं, म्हणजे तो मागून धावून येऊन शॉट अडवू शके. हंगाम ५१-३१ वर संपला, संघ फायनलला गेला. संघाचे नियम मोडल्याबद्दल त्याच बोस्टनने त्याला सप्टेंबर २०२२ मध्ये निलंबित केलं, हेही नोंदवायला हवं. ह्यूस्टनमध्ये २२ विजयांच्या संघाचे पहिल्या वर्षी ४१ आणि दुसऱ्या वर्षी ५२ झाले. बेंचवरची नम्रता त्याने खेळाडूंशी वागण्यात ठेवली, पण निर्णयांत येऊ दिली नाही. मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

स्टीव्ह कर हा अपवाद म्हणून लोक पुढे करतात. तोही सहा संघांत खेळला, पण २०१४ मध्ये वॉरियर्सचा कोच होण्याआधी एक दिवसही असिस्टंट नव्हता. समालोचन आणि फिनिक्सचं जनरल मॅनेजरपद यातून आला. त्याच्या मागे पाच विजेतेपदं आणि फिल जॅक्सन-पॉपोविच यांची शाळा होती. त्याच्याकडे बघून कुणी असिस्टंटची वर्षं गाळायला जाऊ नये.

ज्याला खेळताखेळता तयारी करायची आहे त्याने शेवटचे तीन हंगाम त्यासाठी धरावेत. प्रत्येक सामन्यानंतर समोरच्या संघाचे तीन सेट कागदावर काढावेत, नाव आपल्या भाषेत, आणि ते कसे थांबवले किंवा का थांबले नाहीत ते एका ओळीत. आपल्या कोचने टाइमआऊट कधी घेतला आणि नंतर काय काढलं, हे वेगळ्या पानावर. बेंचवर बसून हे डोक्यात ठेवता येतं, हॉटेलवर उतरवायचं. उन्हाळ्यात क्लिप कापण्याचं सॉफ्टवेअर स्वतः शिकावं. आणि पहिली नोकरी म्हणून एनबीएच्या मागच्या बाकापेक्षा जी-लीग किंवा परदेशातल्या छोट्या संघात बदल करण्याचे, टाइमआऊट घेण्याचे निर्णय हातात येत असतील तर ती घ्यावी. पगार कमी असतो, पण चुकायला जागा मिळते.

भारताशी या विषयाचा थेट धागा आहे. २०११ मध्ये भारताच्या पुरुष संघाचा कोच झालेला केनी नॅट असाच जर्नीमन. इंडियाना, युटा आणि कॅन्सस सिटी मिळून एनबीएचे मोजके सामने, मग सीबीए, मग युटाचा हेड कोच जेरी स्लोनचा असिस्टंट, आणि २००८-०९ मध्ये सॅक्रामेंटोचा हंगामी हेड कोच (११ विजय, ४७ पराभव). आपल्याकडे मात्र खेळाडू अशी भटकंती करत नाही. रेल्वे, सेना दल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांत नोकरी लागली की तो वर्षानुवर्षं एकाच संघात असतो. मुंबईच्या नागपाड्यातून वर आलेला मुलगासुद्धा पुढे एक-दोनच कोचांच्या हाताखाली घडतो. म्हणून पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोचिंग डिप्लोमा करताना किंवा नंतर, त्याने मुद्दाम दुसऱ्या राज्यांच्या आणि विभागांच्या शिबिरांत जाऊन चार वेगळ्या कोचांचे सराव पूर्ण आठवडा बघावेत आणि वहीत उतरवावेत.

आणि एनबीएचे धडे जसेच्या तसे उचलू नयेत, कारण आपण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांनी खेळतो. इथे ४० मिनिटं म्हणजे वाटायला २०० मिनिटं, पाच फाउलला खेळाडू बाहेर, आणि डिफेन्सला तीन सेकंदांचा नियम नाही, म्हणून बिग मॅन रिंगखाली उभा राहू शकतो. वरचा २४० मिनिटांचा तक्ता इथे साधारण आठ खेळाडूंवर येतो. टाइमआऊट खेळाडूला मागता येत नाही, बेंचवरून कोच किंवा असिस्टंटनेच मागायचा, तोही चेंडू डेड असताना किंवा समोरच्याने बास्केट केल्यावर. पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन. पण शेवटच्या दोन मिनिटांत दोनच वापरता येतात, त्यामुळे चौथ्या क्वार्टरची दोन मिनिटं उरेपर्यंत दुसऱ्या हाफमधला एकही घेतला नसेल तर एक वाया जातो. असिस्टंटने ही संख्या कागदावर ठेवावी आणि अडीच मिनिटं उरली की हेड कोचला मोठ्याने सांगावी.